पेद्रू मास्तरांची दुसरी रेकार्ड

४ जानेवारी १९५९, मालवण

ही डायरी विम्याच्या एजंटाने फेलिक्सला फुकट दिली. फेलिक्सने विमा उतरवला नाही, आणि एजंट परत आला तर डायरी डोळ्यांसमोर नको म्हणून त्याने ती मला देऊन टाकली. पहिल्या पानावर नाव आणि धंदा लिहायला जागा आहे. नाव लिहिलं, लवू. धंदा लिहिताना अडलो. गलबतावर जेवण रांधलं, कुडाळात शिंप्याकडे काजं केली, सोड्याच्या बाटल्या धुतल्या, दशावतारवाल्यांबरोबर पेट्रोमॅक्स घेऊन दोन महिने गावोगाव फिरलो. त्या जागेत एवढं मावत नाही. सध्या पेद्रू मास्तरांच्या बँडमध्ये मोठा ढोल बडवतो. दिवाळीत आठ दिवसांसाठी म्हणून गेलो होतो.

बँड म्हणजे मास्तर कॉर्नेटवर, त्यांचा धाकटा भाऊ फेलिक्स क्लॅरिनेटवर, गुणाजी ताशावर आणि मी. किरिस्तांवांची लग्नं, हिंदूंची लग्नं, चर्चचं फेस्त, जत्रा, सगळीकडे आम्हीच. ह्या बँडची रेकार्ड निघालेली आहे, मुंबईत, अडतीस साली. तेव्हा मी एक वर्षाचा होतो. तिच्यावरची ‘राजकोट पोल्का’ मालवणात पाळण्यातल्या पोरालाही येते.

आज एवढंच. बंदरावर कुणी मोठा मासा आणलाय म्हणतात, बघून येतो.

११ जानेवारी, वालावल

मासा मुशी होती. काही खास नव्हती.

आज इथे लग्न वाजवलं आणि मास्तर भडकले. का भडकले ते कळायला आधी पोल्काची भानगड लिहायला हवी.

मालवणात ती रेकार्ड एकाच ठिकाणी वाजते, काशीरामाच्या चहाच्या हाटेलात. लढाईच्या दिवसांत तिच्यावर लोणच्याची बरणी पडली आणि तबकडीला चीर गेली. तेव्हापासून सुई त्या जागी आली की ‘टक’ करून पुढे उडी मारते. मधला तुकडा वाजतच नाही. लोकांच्या कानात पोल्का बसली ती अशी. नाचणारी माणसं त्या जागी एक पाय वर घेऊन उडी मारतात. सुरुवातीला बँडवाले अख्खी पोल्का वाजवायचे तर लोक म्हणत, ‘मास्तर, चुकलंत!’ शेवटी बँडच उडी मारायला लागला. गुणाजी तर त्या जागी ताशाच्या कडेवर काठी मारून ‘टक’सुद्धा काढतो, अगदी हुबेहूब.

आज वरात निघाली तेव्हा मास्तरांनी स्वतःची एक नवी चाल सुरू केली. दहा पावलं गेलो नसू, नवऱ्याचा मामा आडवा आला.

“ओ मास्तर, ह्या काय लावलात? पोल्का लावा. टकवाली!”

मास्तरांनी लावली. गुणाजीने टक केलं, वऱ्हाडाने उडी मारली, एक म्हातारा गटारात गेला. सगळे खूश. मास्तर मात्र जेवायला बसले नाहीत. देवळामागच्या तळ्याच्या पायरीवर कॉर्नेट मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांचं जेवणाचं पान घेऊन गेलो.

“लवू, मी इतकी वर्षां माझो सूर वाजवतंय असा तुका वाटता?”

“मग काय!”

“नाय रे बाबा. मी काशीरामाची फुटकी तबकडी वाजवतंय.”

मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, दुसरी रेकार्ड काढायची. नव्या चालीची. मिरगाच्या आत, म्हणजे पाऊस लागायच्या आत, एका तरी माणसाने आपल्या तोंडाने ती चाल मागितली पाहिजे. आम्ही सुचवायचं नाही. नाही मागितली तर कॉर्नेट पेटीत बंद, बँड बंद.

“आणि आमी काय करूचा?” गुणाजी म्हणाला.

“तू टक टक करीत बस,” मास्तर म्हणाले.

२१ जानेवारी

रोज संध्याकाळी मास्तरांच्या घरी तालीम. नवी चाल फारच संथ आहे. माझ्या वाट्याला एक ठोका, मग लांबलचक वाट बघणं. कालच्या तालमीत मी वाट बघता बघता शेजारच्यांची म्हैस कुठे निघाली ते बघायला लागलो आणि ठोका राहिला.

मास्तरांची बायको आपोलिनाबाय आत विळीवर नारळ खवत असते. ती खवताना काहीतरी गुणगुणते, माहेरचं असावं. माहेर तिचं पलीकडे, गोव्यात. हद्द बंद झाल्यापासून चार वर्षं गेलेली नाही. बाई कामाची फार चांगली, पण गळा नाही. एका ठिकाणी आवाज हटकून खाली घसरतो. मी एकदा म्हटलं, “आपोलिनाबाय, थय सूर चुकता तुमचो.” तिने खोबऱ्याची करवंटी फेकून मारली. नेम मात्र चुकत नाही तिचा.

फेलिक्सचं मास्तरांशी वाजलं. चालीत एका जागी कॉर्नेट मध्येच खाली उतरतो. फेलिक्स म्हणतो, ते कानाला खटकतं, वर जायला हवं. मास्तर म्हणतात, तिथे तसंच. का, ते सांगत नाहीत. म्हातारी माणसं हट्टी असतात.

४ फेब्रुवारी, बोटीवर

रेकार्डिंगसाठी मुंबईला निघालो. किनाऱ्यावरून पडावातून बोटीवर चढलो. गुणाजीचा बाप, आजा, पणजा सगळे दर्यावर जाणारे, आणि हा रत्नागिरीच्या अलीकडेच कठड्यावर ओणवा.

“होडीत नाय लागणा माका,” तो पुन्हापुन्हा सांगतो. “ही इंजिनाची घाण.”

फेलिक्स म्हणाला, “तुझ्या आवशीक सांगतलंय.”

“तिका नको सांगू रे! ती बाजारात बोलतली.”

गुणाजीची आई कृष्णाबाय मासळीबाजारात बसते. तिच्या तोंडाला सगळा बाजार दबून असतो.

बोटीवर एक घड्याळजी भेटला. त्याने मला घड्याळ उघडून दाखवलं. मला वाटतं हा धंदा मला जमेल.

६ फेब्रुवारी, मुंबई

आम्ही कुडीवर उतरलोय. कूड म्हणजे आपल्या गावच्या किरिस्तांव बोटवाल्यांची राहायची जागा, एक लांब खोली, भिंतीला लागून ट्रंका, टोकाला सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो. नियम एकच, संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांनी गुडघे टेकायचे. मी आणि गुणाजीही टेकले. गुणाजीची बोटं ट्रंकेवर आपोआप ताल धरायला लागली, आणि थोड्या वेळाने अख्खी प्रार्थना त्याच्या तालावर चालली. कुडीचा म्हातारा कारभारी म्हणाला, “ह्यो हिंदू रोज येवंदे.”

आता मुख्य गोष्ट. रेकार्डिंग झालं.

कंपनीच्या साहेबांनी आधीच अट घातली होती, एका बाजूला जुनी पोल्का हवी, तिलाच गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या बाजूला तुमचं काय ते. मास्तर हो म्हणाले. काचेच्या पलीकडे मशीनवर एक जोशी म्हणून गृहस्थ होते, चष्मेवाले, शांत.

पोल्का सुरू केली. त्या जागेवर आलो, टक, उडी.

जोश्यांनी हात वर केला. “अहो, मध्येच काय झालं? काही तुटलं का?”

“काय नाय,” गुणाजी म्हणाला.

“पुन्हा घेऊ या.”

पुन्हा टक. पुन्हा उडी. जोशी बाहेर आले. ताशाची कड तपासली, वायर तपासली. मग म्हणाले, “मास्तर, इथे चालीचा एक तुकडाच गायब आहे. पूर्ण वाजवा ना.”

“पूर्ण वाजवूया,” मास्तर म्हणाले. गुणाजीला दटावलं. तिसऱ्यांदा सुरू केलं, त्या जागेवर आलो, आणि सगळे अडले. फेलिक्सने काहीतरी वाजवलं. मास्तरांनी भलतंच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

“तसा नाय होता ता.”

“मगे कसा होता?”

“तूच तर बसवलंस!” फेलिक्स म्हणाला.

तासभर खटपट केली. कुणालाच आठवेना. मास्तरांना स्वतःलाही नाही! स्वतःची चाल, आणि मधला तुकडा गेला तो गेला. मास्तर खुर्चीवर बसले. मला वाटलं आता रडतात की काय. पण त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते इतके हसले की जोश्यांनी पाणी आणून दिलं.

“घेवा,” ते डोळे पुसत म्हणाले. “उडीसकट घेवा. आता तोच खरो.”

जोश्यांनी उडी ठेवली, टक मात्र काढायला लावलं. ते मशीनवर बंदुकीसारखं येतं म्हणाले. गुणाजी तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही. मी काय केलं?

नवी चाल एका दमात झाली. खाली उतरणारी ती जागा आली तेव्हा जोश्यांनी चष्मा काढून ठेवला. बहुतेक त्यांनाही खटकली. शेवटी त्यांनी नाव विचारलं, रेकार्डवर छापायला. मास्तरांनी मान खाजवली, फेलिक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “घरची चाल.” नावसुद्धा धड ठेवता आलं नाही.

८ फेब्रुवारी

राणीच्या बागेत गेलो. पाणघोडा बघितला. त्याच्याकडे बघत बसलो आणि परतीची बोट चुकली. बाकीचे गेले. मी उद्या जाईन.

१४ मार्च, विजयदुर्ग

इथे कसा आलो ते सांगतो. रेकार्डींचं पार्सल एस.टी.ने यायचं होतं, ते तळेऱ्याला चुकून देवगडच्या गाडीत चढलं. मास्तरांनी मला तळेऱ्याला पाठवलं. गाडी मिळाली, पार्सलही मिळालं, पण शेजारी बसलेला माणूस विजयदुर्गाच्या किल्ल्याबद्दल इतकं छान सांगत होता की त्याच्याबरोबर गेलोच. पार्सल पोटाशी धरून तटावर चढलो. रात्री ते उशाला घेतो, म्हणजे कूस वळता येत नाही.

१७ मार्च, मालवण

मास्तर मला काही बोलले नाहीत. आपोलिनाबाय बोलली, त्यांच्या वाटचंही.

काशीरामाचा फोनो थोड्या वेळासाठी मास्तरांच्या घरी आणला. आधी पोल्का. मग घरची चाल. आपोलिनाबाय विळीवर होती, नेहमीप्रमाणे. चाल सुरू झाली आणि तिचे हात थांबले. ती खाली उतरणारी जागा आली तशी ती उठून दारात आली. तव्यावरचे बांगडे करपायला लागले, मला वास आला, पण कुणी हलेना म्हणून मीही हललो नाही. संपल्यावर ती मास्तरांवर खेकसली.

“म्हाताऱ्या, तुका लाज नाय? ह्या आता गावभर वाजवतलंस?”

मास्तर टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. कानापर्यंत लाल.

तिला अजिबात आवडली नाही, हे उघड आहे. वाईट वाटलं. जेवताना करपलेले बांगडे आम्हाला वाढले, आणि मास्तरांना तिने नवीन चार तळून दिले. तेवढी दया आली असेल.

१९ मार्च

हाटेलात रेकार्ड लागली. आधी पोल्का, माणसं खांबांना टेकून उभी. उडीची जागा आली, उडी झाली, सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“टक खंय?”

“टक नाय, मगे पाय खंय टाकूचो?”

“जुन्याची सर नाय, काय सांगा. तेका एक धार होती.”

गुणाजी कोपऱ्यात छाती काढून बसला होता. मग काशीरामाने दुसरी बाजू लावली. एकाने बिडी विझवली, आणि दुसऱ्याने हळूच विचारलं, “कोणाक मसणात पोचवतत रे?”

हाटेल हसलं. दारात टोपली घेऊन कृष्णाबाय उभी होती. बायका आत येत नाहीत, पण बाहेरून सगळं ऐकतात. ती नाही हसली. बहुतेक ऐकू आलं नसेल.

मास्तरांनी आपला चहा पूर्ण प्यायला, कप उपडा ठेवला आणि घरी गेले.

२० एप्रिल

तीन लग्नं वाजवली. तिन्ही ठिकाणी पोल्का. घरची चाल कुणी मागितली नाही.

आज मी एक युक्ती केली. नवरदेवाच्या मेहुण्याला बाजूला घेतलं, बिडी दिली आणि काय मागायचं ते पढवलं. तो बिचारा भर मांडवात उठला आणि ओरडला, “मास्तर, ती नवी लावा! ती… काय ती… लवू म्हणता ती!”

मास्तरांनी कॉर्नेट खाली घेतला. “ही धरूची नाय,” म्हणाले, आणि पोल्का लावली. परतताना अर्धा रस्ता माझ्या पुढे चालले. मग म्हणाले, “लवू, पढवून मागवलेला नको माका. कोणाक तरी खरीखरी व्हयी झाली पाहिजे. नाय तर खरा काय ता तरी कळांदे.”

१६ मे

मिरग जवळ आला. पुढे दोनच लग्नं. मास्तर आजकाल तालमीला बसत नाहीत. कॉर्नेट तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय. फेलिक्स म्हणतो, आपण तिघं मिळून पोल्का वाजवत राहू. पण कॉर्नेटशिवाय पोल्का म्हणजे नुसतं टक.

मी वेंगुर्ल्याला जाऊ म्हणतो, तिथे घड्याळाचं दुकान आहे. हे गेल्या आठवड्यातही ठरवलं होतं. पिशवीसुद्धा भरली होती. मग मास्तरांचं घर झावळ्यांनी शाकारायचं निघालं.

२२ मे

आजचं सगळं जसंच्या तसं लिहितो.

संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर आम्ही चौघं बसलो होतो. तेवढ्यात बाजार उठवून कृष्णाबाय आली. टोपली खाली ठेवली, कंबरेवर हात.

“रे पेद्रू, काशीरामाकडे ती नवी लागता, संथ, ती तुझीच मा?”

“माझीच गे.”

“मी रोज भायर उभी रवान आयकतंय. पायात गोळे इले. त्या काशीरामाक एक बाकडा भायर टाकूक सांग.”

“सांगतंय. आणखी काय?”

“ती माका व्हयी.”

मास्तर ताठ झाले. “खयच्या लग्नाक?”

“लग्नाक कित्याक? माझ्या मयताक.”

गुणाजी उडालाच. “आये! काय बोलतंस? आपल्यात मयताक बँड खंय लावतत? भजन लावतत.”

“भजन तुझ्या बापाशीक लावलेला. अर्धे झोपलेले. माका नको.”

“लोक हसतले!”

“हसांदे. रडान कोणाचा भला झाला?”

मास्तरांनी विचारलं, “कृष्णाबाय, खरा सांग. तुका ही मागूक कोणी सांगल्यान? ह्या लवून?”

“लवू?” तिने माझ्याकडे बघितलं. “तेका कोण इचारता!”

हे मी जन्मभर विसरणार नाही, पण त्या वेळी फार बरं वाटलं.

मास्तरांनी छातीवर क्रूस केला. “शंभर वर्षां जग. तू गेल्यार नक्की वाजवतलंय. माझो शबूद.”

“गेल्यार?” कृष्णाबायचा आवाज चढला. “शिरा पडो तुझ्या तोंडार! गेल्यार माका आयकाक येतला? परवा येवा, बाजार उठल्यार. मी जिती आसतानाच वाजवून टाका.”

टोपली डोक्यावर घेऊन गेली. आत कॉर्नेटचं फडकं सोडल्याचा आवाज आला. मास्तर तर ओट्यावरच होते. ते आपोलिनाबायनं सोडलं.

२४ मे

कृष्णाबायच्या अंगणात एका बाजूला आंब्याची लाकडं रचून ठेवलेली आहेत. ती तिने स्वतःच्या सरणासाठी फोडून घेतली, दर पावसाळ्यात ती चुलीत जाळते आणि उन्हाळ्यात नवी फोडून घेते. आज ती त्या लाकडांना टेकून खुर्चीवर बसली, धुवट लुगडं नेसून. सगळा मासळीबाजार जमला होता. काशीराम हाटेल बंद करून आला. आपोलिनाबाय फणसाची भाजी घेऊन आली, रिकाम्या हाताने मयताला कसं जायचं म्हणे.

गुणाजी शेवटपर्यंत कुरकुरत होता. “आवशीच्या मयताक मी ताशो मारू?”

“मारूक येता तर मार,” ती म्हणाली. “तुका ताच तर येता.”

घरची चाल सुरू झाली. गुणाजीने काठ्या बाजूला ठेवल्या आणि ताशावर नुसती बोटं फिरवली. असं वाजवताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मी माझे ठोके एकही न चुकता दिले. म्हैस गेली असेल तर माहीत नाही.

मध्येच एक कोळीण हुंदके द्यायला लागली. कृष्णाबायने एक डोळा उघडला.

“गो, रडतंस कित्याक? मी आसंय मा हयसर?”

लोक हसले, तरी चाल थांबली नाही. खाली उतरणारी ती जागा आली तेव्हा मी मुद्दाम सगळ्यांकडे बघत होतो. कुणालाच खटकली नाही. उलट सगळं अंगण एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. फेलिक्सने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

संपल्यावर काशीराम म्हणाला, “मास्तर, परत एकदा. मघाशी कोंबडो ओरडलो.” परत वाजवली. मग कोपऱ्यातून कुणीतरी, परत. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा कृष्णाबाय खुर्चीतून ओरडली, “सावकाश रे! घाई कसली आसा? माका पोचूक वेळ आसा.”

अंधार पडायला आला. मास्तर घामाने भिजले होते, ओठ सुजलेले, आणि चेहरा असा की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी कॉर्नेट काखेत धरला आणि कृष्णाबायला वाकून नमस्कार केला.

“झाला बरा मयत?”

“मयत बरा झाला,” ती म्हणाली. “आता बाराव्याक काय वाजवतलंस?”

मास्तर गडबडले. “बाराव्याक? बाराव्याची चाल खंय आसा माझ्याकडे? ती अजून बसवूक व्हयी.”

“मगे बसय.”

“तशी होणा नाय गे ती. एक वरस लागात. दोन लागती.”

कृष्णाबायने मागच्या लाकडांतला एक ओंडका ओढून काढला आणि गुणाजीच्या हातात दिला.

“ह्यो घेवन जा, चुलीत घाल आणि सगळ्यांका चाय कर,” ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. “लागांदे किती ती वर्षां. मी थांबतंय.”